दान हलकें पडलें तर?



ज्यांच्या घरांत एके काळीं सोंगट्यांचा पट मांडला जात असे, त्यांस मनासारखें दान न पडण्याचें दुःख नवें नाहीं. परंतु पटावरील हलकें दान त्या खेपेपुरतें असतें. पुढची खेप आली कीं मागचें विसरतां येतें. आज मी ज्या खेळाविषयीं चार शब्द बोलणार आहें, त्यांत मात्र आरंभीं पडलेलें दान अखेरपर्यंत सोबत करितें. म्हणून तें हलकें पडल्यास काय करावें, हा प्रश्न त्या खेळांत फार जिव्हाळ्याचा होऊन बसतो.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होऊन स्थळ, प्रसंग आणि संकट वर्णन करितो. बाकीचे एकेक सोंग घेतात व अशा वेळीं आपलें पात्र काय करील तें बोलून दाखवितात. आपला दशावतारी नट ठरीव कथेंत ऐन वेळीं संवाद रचून बोलतो. येथें तर कथाही ठरलेली नसते.

प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात: बल, चापल्य, काटकपणा, बुद्धि, विवेक आणि लोकांवर पडणारी छाप. जुन्या पद्धतीप्रमाणें एकेका गुणासाठीं तीन फांसे टाकून त्यांची बेरीज मांडावयाची. ती ३ पासून १८ पर्यंत कांहींही येऊं शकते. तीन फांसे एकंदर २१६ प्रकारांनीं पडतात. त्यांपैकीं १८ ची बेरीज एकदांच येते. ९ ते १२ ही मध्यम बेरीज १०४ वेळां, आणि ८ किंवा त्याहून कमी ५६ वेळां. सहाही गुणांत एकदेखील १३ पर्यंत न पोंचणें, हें सुमारें सहा खेळाडूंतून एकाच्या वाट्यास येतें. तेव्हां हलकें दान हा कोणाचा शाप नव्हे. तो साधा हिशेब आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत जयसिंगपुरास आमच्या घरीं मुलें हा खेळ मांडून बसलीं होतीं. नियम २०१४ सालच्या पुस्तकांतले, परंतु गुण मात्र जुन्या पद्धतीनें, पडतील त्या क्रमानें घ्यावयाचे असें ठरलें. माझ्या पुतण्याला बल १७ पडलें. भाचीला पडलेले आंकडे असे: बल ६, चापल्य ९, काटकपणा १२, बुद्धि ८, विवेक ११, छाप ७. तिनें कागद दुमडला आणि म्हणाली, "मामा, ही बाई कशाच्याच उपयोगाची नाहीं. हिला टाकून दुसरी करूं का?"

त्याच आठवड्यांत तिची शाळेची गुणपत्रिका आली होती, आणि तीही साधारण अशीच होती. आपल्या भाषेनें दोन्ही आंकड्यांना 'गुण' हा एकच शब्द दिला आहे. म्हणून तिच्या प्रश्नाला चटकन् 'हो' म्हणणें मला जड गेलें. मीं म्हटलें, "एक संध्याकाळ थांब. आधीं हिशेब करूं."

हिशेब असा निघाला. खेळांत कार्याची सिद्धि वीस बाजूंच्या फांशावर ठरते व गुणाप्रमाणें त्या फांशांत थोडी भर किंवा घट होते. १० किंवा ११ असल्यास कांहींच नाहीं. ६ ला दोन वजा, १७ ला तीन अधिक. म्हणजे माझ्या पुतण्याच्या बलांत आणि भाचीच्या बलांत वीसांपैकीं पांच बाजूंचें अंतर. हें अंतर लहान नाहीं, आणि तसें सांगून मुलीची समजूत काढणें खोटेपणाचें झालें असतें. परंतु तें अंतर केव्हां मोजलें जातें? बळाचें काम फांशावर जाईल तेव्हांच. सूत्रधार फांसा मागतो तो निकाल संशयित असेल तेथें. किल्ली मिळविली तर दार फोडण्याचा प्रश्नच उरत नाहीं. तेव्हां पहिला धडा हा, कीं जेथें आपला हलका गुण लागेल तें काम शक्यतों फांशापर्यंत जाऊंच देऊं नये.

दुसरा धडा व्यवसाय निवडण्याचा. भाचीनें देवळांतली गुरवीण होण्याचें ठरविलें. या वर्गाच्या पात्राला एक आशीर्वाद देतां येतो: तिघां सोबत्यांच्या फांशांत चार बाजूंच्या फांशाची भर पडते, म्हणजे सरासरीनें अडीच. आशीर्वाद देणारीचा विवेक ११ आहे कीं १८, याची येथें कोणी चौकशी करीत नाहीं. तसेंच लोखंडी कड्यांचें चिलखत चपळाला आणि मंदाला सारखेंच राखतें. अशक्त माणसाला त्याच्या भारानें दर खेपेस दहा फूट कमी चालावें लागतें.

तिसरा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. एकानें दुसऱ्याला साह्य केलें, तर करणारा दोन फांसे टाकतो आणि त्यांतला मोठा घेतो. ११ किंवा अधिक हवे असतील तर एका फांशानें शंभरांत पन्नास वेळां यश. दोहोंनीं पंचाहत्तर वेळां. आणि साह्य करणाराचा आंकडा पुन्हां कोणी विचारीत नाहीं! सोंगट्यांत दोन सोंगट्या एका घरांत आल्या कीं त्यांचें जुग होतें, आणि जुगाला एकटी सोंगटी मारूं शकत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार.

राहिला ७ छापेचा प्रश्न. भाची म्हणाली, "ही वर्षानुवर्षें देवळांत एकटी राहिली आहे. हिला बोलतांच येत नाहीं." झालें, आंकड्यांतून माणूस उभें राहिलें.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें सूत्रधारकी शेजारच्या मुलाकडे दिली. त्यानें प्रसंग घातला महापुराचा. २०१९ च्या ऑगस्टांत शिरोळ तालुक्यांतील गांवें कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यानें वेढलेलीं या मुलांनीं पाहिलीं आहेत. देवळाच्या माडीवर एक म्हातारा अडकलेला, नाव दूर झाडाला अडकलेली. पुतण्याच्या बलवान् वीरानें पाण्यांत उडी घेतली. फांसा पडला २, आणि प्रवाहानें त्याला कांठावर आणून टाकलें. भाचीनें फांसा उचलला नाहीं. तिनें विचारलें, "घंटेचा दोर किती लांब आहे?" दोर पुरेसा निघाला. तो नावेला अडकवून वीरानें ओढावयाचा, आणि हिनें मागें राहून घंटेच्या ठोक्यावर त्याला ताल धरून द्यावयाचा, असें ठरलें. फांसे दोन पडले: ४ आणि १५. नाव आली.

येथें एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सूत्रधारानें सर्व संकटें बळानेंच सुटतील अशीं घातलीं असतीं, तर माझे तिन्ही धडे फुकट गेले असते. हलक्या दानाच्या खेळाडूला काम मिळेल अशी जागा कथेंत ठेवणें, हें सूत्रधाराचें कर्तव्य आहे. तें तो करीत नसेल, तर मुलानें नवे फांसे मागण्यांत कांहीं गैर नाहीं.

आमच्या गांवाकडेच पाहा ना. नृसिंहवाडीला संगम आणि दत्ताच्या पादुका, खिद्रापुरास कोपेश्वराचें प्राचीन देऊळ. राजर्षि शाहू महाराजांनीं आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नांवें जयसिंगपूर वसविलें, त्याला यांतलें कांहींच नव्हतें. होती मोकळी जमीन आणि रेल्वे. गांवानें तीर्थक्षेत्र होण्याचा हट्ट धरला नाहीं. सरळ आंखलेल्या, क्रमांकाच्या गल्ल्या पडल्या आणि येथें बाजारपेठ उभी राहिली.

सुटी संपली तेव्हां भाचीनें तो दुमडलेला कागद सरळ करून वहींत ठेवला. "पुढच्या सुटींत हिलाच घेऊन येईन," इतकेंच ती म्हणाली. गुणपत्रिकेविषयीं आम्हीं दोघांनींही अवाक्षर काढलें नाहीं.