बाळंतिणीचे टाके

देऊळघाट असो वा घाटाखालचे एखादे आडगाव, पाळणा हलला की विचारपूस होते ती बाळाची. टाक्यांचा ठणका बाळंतीण संकोचाने गिळते. लिग्नोकेनच्या जेलने तो काही वेळ बधिर होतो, इतकेच. जखम भरते स्वच्छतेने. शौचानंतर पुढून मागे धुवावे, जागा कोरडी ठेवावी, घडी दर चार-सहा तासांनी बदलावी. तेल, राख, हळद टाक्यांवर लावू नये. ताप, पू, दुर्गंधी दिसल्यास जेलवर विसंबणे घातकच. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीवरील उपचारही २०१४ पासून विनामूल्य आहेत. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. त्यांनी टाक्यांविषयी आपणहून विचारावे, सासूबाईंनी जरा बाहेर बसावे.