शंका घेऊन वाचणे : पंडिता रमाबाईंचा बायबलाभ्यास



पंडिता रमाबाई ख्रिस्ती का झाल्या, यावर महाराष्ट्राने पुष्कळ वाद घातला. झाल्यावर त्यांनी बायबलचे काय केले, याची विचारपूस त्यामानाने फार थोड्यांनी केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावला वारल्या. मधली सुमारे ३९ वर्षे ही बाई त्या एका ग्रंथाशी झगडत होती आणि अखेरीस तो मराठीत आणत होती. माझे म्हणणे असे की, बाप्तिस्म्याने त्यांची श्रद्धा फक्त सुरू झाली. खोल गेली ती या वाचनाने. वाचनाने त्यांच्या शंका मिटल्या असेही नाही. शंका आली की ग्रंथाकडे परत जायचे, ही सवय त्याने टिकवली.

ती सवय त्यांना चर्चने लावलेली नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आई लक्ष्मीबाईंनी मुलीला. लहानपणीच भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. पाठांतराला आपण आज घोकंपट्टी म्हणून हसतो, पण ज्याला ग्रंथ पाठ आहे त्याला त्यातला एक उतारा दाखवून फसवता येत नाही. पुढे कलकत्त्याला धर्मशास्त्रे वाचली, तेव्हा एरवी आपसांत भांडणारी ही शास्त्रे स्त्रियांना कमी लेखण्यापुरती एकमताची आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. सिल्चरला असताना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत हाती लागली. आणि इंग्लंडला गेल्यावर लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनी करत असलेले काम पाहून त्यांनी विचारले, हे तुम्ही का करता? तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखवला. त्यात विहिरीपाशी आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो. तिचे पाच नवरे झालेले आहेत, हे त्याला ठाऊक आहे. तरी उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमात, हा तिचा प्रश्न तो बाजूला सारत नाही, सविस्तर उत्तर देतो. शास्त्रार्थ करण्याचा बाईचा अधिकार इथे गृहीतच धरलेला आहे. रमाबाईंसारख्या वाचकाच्या नजरेतून हे सुटणे कठीण होते. अर्थात, फुलहॅमचे काम डोळ्यांपुढे नसते तर नुसता अध्याय किती परिणाम करता, हेही विचारावे लागेल. मला वाटते, थोडाच.

यानंतरचा भाग भाविकांना अडचणीचा वाटतो. वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन आणि इतरांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात नवी ख्रिस्ती झालेली ही बाई त्रैक्याच्या सिद्धांतावर, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर, धर्माधिकाऱ्यांच्या अधिकारावर प्रश्नांमागून प्रश्न विचारते. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे मानेवर घ्यायला ती तयार नाही. (क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, हेही तिने विचारले.) हा अहंकार आहे, गुरूशिवाय ग्रंथ हाती घेणाऱ्याचे असेच होते, असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला. आक्षेपाला आधारही आहे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात रथात बसून यशयाचे पुस्तक वाचणारा हबशी अधिकारी कबूलच करतो की कोणी समजावल्याशिवाय आपल्याला अर्थ कळणार नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांच्याच सतराव्या अध्यायात बिरुया गावचे लोक पौलासारख्याचे बोलणेही रोज शास्त्रे उघडून पडताळतात, आणि लेखक त्यांची निंदा न करता वाखाणणी करतो. या दोन प्रसंगांत मला विरोध दिसत नाही. समजावणारा हवा, आणि त्याला तपासायची मुभाही हवी. रमाबाई एकट्या वाचत बसल्या नव्हत्या. त्यांनी चेल्टनहॅमच्या शिक्षिका डॉरोथिया बील यांच्याशी चर्चा केली, नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे लेखन वाचून त्यातले पुष्कळ मान्य केले. हे गोऱ्हे मूळचे ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला म्हणून बायबलकडे वळले आणि १८४८ साली ख्रिस्ती झाले. शंकांनी त्यांचा पिच्छा पुढेही सोडला नाही, तरी १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते धर्मोपदेशकच राहिले. अभ्यासाने श्रद्धा मरते म्हणणाऱ्यांनी या माणसाचे काय करायचे ते सांगावे.

सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द रमाबाईंच्या लेखणीतून येतो. १९०७ सालच्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. १९०५ साली केडगावच्या त्यांच्या आश्रमात, म्हणजे मुक्ती मिशनमध्ये, प्रार्थनेची जी लाट उसळली, तीही पुस्तकी नव्हती. मग श्रद्धा खोल केली ती अनुभवाने, अभ्यासाने नव्हे, असे का म्हणू नये? अनुभव खरा होता, हे मी नाकारत नाही. पण त्यानंतरचा त्यांचा दिनक्रम पाहा. अनुभव पुरेसा वाटला असता तर त्यांना पुस्तक मिटून ठेवता आले असते. त्यांनी वाढत्या वयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून मुळावरून अख्ख्या बायबलचे भाषांतर हाती घेतले. आणि भाषांतरकाराला नावडते वाक्य गाळता येत नाही, समजले नाही तेही ओलांडता येत नाही. भाविक वाचक नकळत ज्या वंशावळ्या आणि शापवचने टाळून जातो, त्यांच्यापाशीही त्याला बसावे लागते. ज्या श्रद्धेला आपल्या सोयीचा देव नको असतो, तिला याहून कडक कसोटी मिळणे अवघड.

हे सारे पंडिताला जमेल, साध्या माणसाने काय करावे, असे कोणी म्हणेल. केडगावच्या आश्रमातल्या बहुतेक बायका दुष्काळातून किंवा वैधव्यातून आलेल्या होत्या. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा त्यांना पेलत नाही, म्हणून तर रमाबाईंनी सोप्या मराठीचा आग्रह धरला. त्यातल्याच बायका खिळे जुळवायला शिकल्या आणि मुक्तीच्याच छापखान्यात ते बायबल छापले गेले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर बाहेर पडला. त्यांनी या बायकांना नुसती शिकवणुकीची सारांशपुस्तिका दिली असती तर काम कितीतरी लवकर उरकले असते. त्यांनी संपूर्ण ग्रंथ दिला. म्हणजे, रमाबाई सांगतात तो अर्थ तिथे खरोखर आहे की नाही, हे त्यांच्या आश्रमातली कोणीही बाई पान उघडून पाहू शकत होती.