ली लॉर्च : एका गणितज्ञाचे नागरिकत्व



गणिताच्या शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने काय बोलावे, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. तो मलाही पडला होता. सरांच्या हाताखाली मी तीन वर्षे गणित शिकलो आणि तिन्ही वर्षे जेमतेम उत्तीर्ण झालो. पण सरांची एक सवय मनात कायमची राहिली. उत्तर बरोबर असले आणि रीत लिहिलेली नसली, तर ते गुण देत नसत. वही परत करताना एवढेच म्हणत, "रीत कुठे आहे?" आज ज्या माणसाविषयी बोलणार आहे त्याच्या आयुष्यात चार महाविद्यालयांची दारे बंद झाली. त्यांतल्या पहिल्याने तर काही न सांगताच दार लावले, आणि पुढे जेथे कारणे पुढे आली तेथेही ती सरांनी मान्य केली असती असे मला वाटत नाही.

ली लॉर्च यांचा जन्म १९१५ सालचा, न्यूयॉर्क शहरातला. कॉर्नेल विद्यापीठात शिक्षण, आणि १९४१ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाची पीएच. डी. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ओटो सास हे हंगेरियन गणितज्ञ, जे नाझी राजवटीमुळे जर्मनीतील अध्यापन सोडून अमेरिकेस आले होते. लॉर्च यांचे काम फूरिये श्रेणी, बेसेल फलने अशा विषयांतले. त्यातले मला काही कळत नाही आणि कळते असा आव आणण्याचे माझे वयही राहिलेले नाही. जाणकार त्याला भक्कम काम म्हणतात, आणि कॅनडाच्या रॉयल सोसायटीने त्यांना १९६८ मध्ये सदस्यत्व दिले, एवढे आपल्या दृष्टीने पुरे. महायुद्धात ते सैन्यात होते. युद्ध संपल्यावर न्यूयॉर्कला परतले, सिटी कॉलेजात शिकवू लागले आणि हजारो माजी सैनिकांप्रमाणे घर शोधू लागले.

येथे बडोद्याच्या श्रोत्यांना क्षणभर थांबवतो. शिकलेला, नोकरी असलेला माणूस घर शोधतो आहे, हे चित्र आपल्या गावाने फार पूर्वी पाहिलेले आहे. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर याच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण आटोपून, लंडनमार्गे, महाराजांच्या नोकरीत रुजू होण्यासाठी येथे आले. त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. काही दिवसांतच काठ्या घेऊन माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. त्यानंतरचे काही तास त्यांनी आपल्या कमाटीबागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. आपण लहानपणी त्या बागेत खेळलो. आम्हाला ही हकीकत त्या वेळी कोणी सांगितली नव्हती.

न्यूयॉर्कमध्ये घर नाकारण्यासाठी काठीची गरज नव्हती. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने मॅनहॅटनमध्ये स्टायव्हेसंट टाऊन नावाची प्रचंड वसाहत बांधली. तिच्यासाठी शहराने जुनी वस्ती ताब्यात घेऊन दिली, सुमारे ११ हजार माणसे तेथून हलवली गेली, आणि कंपनीला २५ वर्षांची करसवलत मिळाली. म्हणजे जमीन सार्वजनिक सत्तेने मिळवलेली, सवलत सार्वजनिक पैशाची. पण दारात नियम असा की कृष्णवर्णीयांना जागा मिळणार नाही. घरे माजी सैनिकांना प्राधान्याने, परंतु त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना नाहीत. काही जण न्यायालयात गेले. १९४९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

लॉर्च दांपत्याला १९४७ मध्ये या वसाहतीत जागा मिळाली. त्याआधी ते पत्र्याच्या एका अर्धगोल लष्करी झोपडीत, तिच्या अर्ध्या भागात, राहत होते. चांगले घर मिळालेला माणूस सहसा घरमालकाशी भांडत नाही. लॉर्च यांनी शेजाऱ्यांना गोळा केले आणि वसाहतीतील वर्णभेद संपवण्यासाठी रहिवाशांची समिती उभी राहिली. तिचे ते उपाध्यक्ष होते. रहिवाशांपैकी अनेकांना कृष्णवर्णीय शेजारी चालणार होते, हेही तेव्हा उघड झाले.

१९४९ मध्ये सिटी कॉलेजने त्यांना कायम केले नाही. विभागाची शिफारस असूनही केले नाही आणि समाधानकारक कारणही दिले नाही. लॉर्च पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात गेले. परंतु न्यूयॉर्कची जागा सोडण्याऐवजी त्यांनी हेंड्रिक्स नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाला पाहुणे म्हणून तेथे राहायला बोलावले. घर आपले, पाहुणे आपले, यात कंपनीने काय करावे? नव्या कॉलेजच्या अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून या पाहुण्यांविषयी विचारणा केली आणि हे वर्तन टोकाचे, बेकायदा, अनैतिक व संस्थेच्या लौकिकाला बाधक ठरवले. अनैतिक हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. भाषेच्या अभ्यासकाला शब्दांचे असे उलटे प्रवास नवे नसतात, तरीही. १९५० मध्ये तेथील नेमणूक संपली. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यासारख्यांनी निषेध नोंदवला, त्याचा उपयोग झाला नाही.

आपल्याकडे 'वाळीत टाकणे' असा शब्दप्रयोग आहे. त्या क्रूर रूढीतही निदान पंचायत बसे, गुन्हा सांगितला जाई, दंड ठरे. ज्याला 'काळी यादी' म्हणतात तिच्यात ही मंडळी एकत्र बसत नाहीत. एक कार्यालय दुसऱ्याला दूरध्वनी करते, तिसरे वर्तमानपत्र वाचते, आणि चौथे अर्जाला उत्तरच देत नाही. प्रत्यक्ष यादी कोठेच सापडत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत असतो तर आज येथे उभा राहिलो नसतो. १९८३ साली मी एका महाविद्यालयात विभागप्रमुख होतो. आमच्याकडे एक तरुण अधिव्याख्याता तात्पुरत्या नेमणुकीवर होता. शिकवणे उत्तम, मुले त्याच्या तासाला खिडकीबाहेर उभी राहत. त्याने वसतिगृहातील वेगळ्या पंगतीविषयी एका स्थानिक साप्ताहिकात पत्र लिहिले. वर्षअखेरीस समितीची बैठक झाली, पाच मिनिटे. समोर टंकलिखित कागद होता : 'मुदतवाढ देता येत नाही.' कारणाच्या रकान्यात आडवी रेघ. मी रकाना पाहिला, रेघ पाहिली आणि सही केली. नंतर आम्ही चहा घेतला. पत्राचा उल्लेख कोणीही केला नाही, मीसुद्धा नाही.

पुन्हा लॉर्च यांच्याकडे वळू. १९५० मध्ये ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे फिस्क विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. फिस्क हे कृष्णवर्णीयांचे नामांकित विद्यापीठ. पुढच्याच वर्षी त्या शहरात गणिताच्या एका राष्ट्रीय संघटनेची प्रादेशिक बैठक भरली. लॉर्च आणि त्यांचे तीन कृष्णवर्णीय सहकारी गेले. निबंध ऐकायला मुभा होती. भोजनाच्या वेळी मात्र सहकाऱ्यांना जागा नव्हती. त्यांत एव्हलिन बॉइड होत्या, ज्यांनी १९४९ मध्ये येल विद्यापीठाची गणितातील पीएच. डी. मिळवली होती. प्रमेय एकत्र ऐकावे आणि जेवण वेगळे घ्यावे, ही रीत आपल्याला ओळखीची वाटेल. या चौघांनी दोन्ही राष्ट्रीय गणित संघटनांना लेखी विचारले की आपल्या सभा सर्व सभासदांसाठी असतात की काहींसाठी? गणितज्ञांच्या संघटनांना धोरण म्हणून या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले.

फिस्कमधली पाच वर्षे फार मोलाची ठरली. तेथे त्यांच्या वर्गात बसलेल्या तीन मुली पुढे गणितात पीएच. डी. झाल्या : ग्लोरिया ह्युइट १९६२ मध्ये, व्हिव्हियन मेलोन-मेज १९६६ मध्ये, एटा फाल्कनर १९६९ मध्ये. त्या काळी अमेरिकेत अशा कृष्णवर्णीय स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ह्युइटबाईंची हकीकत मला विशेष आवडते. त्यांना न विचारता लॉर्च यांनी विद्यापीठांना शिफारसपत्रे पाठवली, आणि ज्या ठिकाणी बाईंनी अर्जही केला नव्हता तेथून शिष्यवृत्तीचे पत्र आले. मेलोन-मेज यांना त्यांच्या गावच्या बेलर विद्यापीठाने कृष्णवर्णीय म्हणून प्रवेश नाकारला होता. त्याच विद्यापीठाने १९६६ मध्ये त्यांना प्राध्यापक नेमले.

मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. लॉर्च यांनी निकालाचा साधा अर्थ घेतला : आपली मुलगी अ‍ॅलिस हिला घराजवळच्या, तोवर केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शाळेत घालावे. प्रवेश मिळाला नाही. त्याच सप्टेंबरात त्यांना ओहायोतील डेटन येथे प्रतिनिधिगृहाच्या 'अमेरिकाविरोधी कारवाया समिती'पुढे हजर राहण्याचे फर्मान आले. प्रश्न होता कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वाचा. फिस्कमध्ये असताना आपण सभासद नव्हतो, असे त्यांनी सांगितले. आधीच्या काळाविषयी मात्र हा प्रश्न विचारण्याचा समितीला अधिकारच नाही, अशी भूमिका घेतली. आत्मदोषारोपाविरुद्धच्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आश्रय त्यांनी घेतला नाही. तो घेतला असता तर शिक्षेपासून सुटका सोपी होती. त्यांनी पहिली दुरुस्ती, म्हणजे विचार व संघटनेचे स्वातंत्र्य, पुढे केली. परिणामी काँग्रेसच्या अवमानाचा खटला झाला. त्यात ते १९५७ मध्ये निर्दोष सुटले.

लॉर्च डाव्या विचारांचे होते आणि अखेरपर्यंत राहिले. त्यांची प्रत्येक राजकीय निष्ठा मला पटेल असे नाही. सोव्हिएत छावणीत काय चालले होते ते आज आपल्याला ठाऊक आहे. पण त्या समितीपुढचा प्रश्न त्यांची मते बरोबर की चूक असा नव्हताच.

खटल्याचा निकाल लागण्याच्या आधीच, १९५५ मध्ये, फिस्कच्या विश्वस्तांनी नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. विद्यार्थी व सहकारी लॉर्च यांच्या बाजूने होते. हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांचे, आणि देणगीदारांवर अवलंबून. तेथील विश्वस्तांना मी सहज दोष देत नाही. दुबळ्या संस्थेला भीती घालणे फार सोपे असते. मात्र आमच्या महाविद्यालयाला, त्या १९८३ साली, कोणतीही भीती कोणी घातलेली नव्हती.

त्यानंतर आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक, फिलँडर स्मिथ कॉलेज. येथे गोष्टीच्या मध्यभागी ग्रेस लॉर्च येतात. त्या मूळच्या बॉस्टनच्या शिक्षिका, शिक्षक संघटनेच्या नेत्या. लग्न केले म्हणून तेथील शाळाखात्याने त्यांना कामावरून दूर केले होते. ४ सप्टेंबर १९५७ रोजी लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुले प्रथमच जाणार होती. त्यांतली १५ वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटीच आली, कारण तिच्या घरी दूरध्वनी नव्हता आणि एकत्र जमण्याचा निरोप तिला पोहोचला नव्हता. बंदुकधारी शिपायांनी तिला दारातून परत फिरवले. मागे ओरडणारा जमाव. ती चालत बसथांब्यापर्यंत आली आणि बाकावर बसली. ग्रेसबाई गर्दीतून पुढे आल्या, तिच्याजवळ उभ्या राहिल्या, जमावाला चार शब्द सुनावले आणि बस आल्यावर तिच्याबरोबर चढल्या. त्या दिवसाची छायाचित्रे जगभर गेली.

याचे फळ लवकर मिळाले. ऑक्टोबरात ग्रेसबाईंना सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने मेम्फिस येथे चौकशीसाठी बोलावले. लॉर्च यांच्या गॅरेजच्या दाराशी सुरुंगाच्या कांड्या सापडल्या. मुलीला शाळेत मारहाण झाली. आपल्यामुळे कॉलेजला मिळणारी मदत आटू नये म्हणून १९५८ मध्ये लॉर्च तेथून बाहेर पडले. पुढे एक वर्ष कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठात काढल्यावर अमेरिकेत त्यांना कायमची जागा देणारे कोणी उरले नाही. १९५९ मध्ये कॅनडातील एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठाने त्यांना घेतले. १९६८ पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९८५ पर्यंत, ते टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात होते. ग्रेसबाई १९७४ मध्ये गेल्या.

त्या घराचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. रहिवाशांच्या चळवळीने कंपनीला माघार घ्यावी लागली; १९५१ मध्ये न्यूयॉर्क शहराने सार्वजनिक मदत घेणाऱ्या वसाहतींत वर्णभेद करण्यास बंदी करणारा कायदा केला. चळवळीतल्या कुटुंबांना घरे खाली करण्याच्या नोटिसा होत्या, त्या १९५२ च्या जानेवारीत ऐन वेळी मागे घेतल्या गेल्या. हेंड्रिक्स कुटुंबाला त्याच वसाहतीत स्वतःची जागा मिळाली. लॉर्च मात्र तेथे राहायला परतले नाहीत.

१९९० मध्ये फिस्कने त्यांना मानद पदवी दिली. त्याच वर्षी सिटी कॉलेज ज्या विद्यापीठाचा भाग आहे त्यानेही दिली. २००७ मध्ये अमेरिकेच्या गणित संघटनेने विशिष्ट सेवेसाठीचा आपला मोठा सन्मान दिला. जेवणाच्या टेबलाचा प्रश्न १९५१ मध्ये याच संघटनेला विचारला गेला होता. २८ फेब्रुवारी २०१४ रोजी टोरांटो येथे, ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आमच्या त्या अधिव्याख्यात्याचा पत्ता मला गेल्या दिवाळीत मिळाला. तो पुढे दुसऱ्या राज्यात एका माध्यमिक शाळेत गेला आणि तेथूनच निवृत्त झाला. मी त्याला पत्र लिहिले, १९८३ च्या त्या बैठकीत मीही होतो असे लिहिले, आणि त्या रकान्यातली रेघ मी पाहिली होती हेही. पंधरा दिवसांनी उत्तर आले. सुंदर मराठीत, दोन पाने. माझ्या प्रकृतीची चौकशी होती, हल्ली काय वाचता असा प्रश्न होता, आणि एका जुन्या संज्ञेच्या व्युत्पत्तीविषयी शंका होती. बैठकीविषयी काहीही नव्हते. व्युत्पत्तीचे उत्तर मी अजून पाठवलेले नाही. या आठवड्यात पाठवीन.