अल्सेसला कुणी विचारलं?

१८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं असताना दोन थोर इतिहासकारांमध्ये जाहीर वाद झाला. रोमचा इतिहास लिहिणारे थिओडोर मॉमसेन म्हणत होते, फ्रान्सच्या सीमेवरचा अल्सेस प्रांत जर्मनच. तिथला शेतकरी घरात जर्मन बोली बोलतो. अल्सेसमधल्या स्ट्रासबर्गला अनेक वर्षं शिकवलेल्या फ्युस्तेल द कुलांज यांनी उत्तर दिलं, बोली जर्मन असेल, पण १७८९ च्या क्रांतीपासून या लोकांनी फ्रान्सबरोबर सुखदुःख भोगलंय आणि ते स्वतःला फ्रेंच मानतात. फ्रान्सचं राष्ट्रगीत १७९२ मध्ये रचलं गेलं, तेही याच स्ट्रासबर्गमध्ये.

वादाचा निकाल तोफांनी लावला. १८७१ मध्ये अल्सेस आणि लॉरेनचा काही भाग जर्मनीत गेला. १८७४ मध्ये तिथून निवडून आलेल्या प्रतिनिधींनी बर्लिनच्या संसदेत मागणी केली की आमच्या लोकांना विचारा. कुणी विचारलं नाही.

ही जखम ओली असतानाच ११ मार्च १८८२ रोजी फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ सोर्बोनमध्ये व्याख्यानाला उभे राहिले. प्रश्न होता, राष्ट्र कशाने बनतं? वंश, भाषा, धर्म, भूगोल हा एकेक निकष त्यांनी तपासला आणि अपुरा ठरवला. उरल्या दोन गोष्टी: एकत्र भोगलेल्या भूतकाळाची आठवण, आणि पुढेही एकत्र राहायची इच्छा. ही इच्छा म्हणजे जणू रोज घेतलं जाणारं सार्वमत. शिवाय, राष्ट्र टिकायचं तर बरंच विसरावंही लागतं, असं ते म्हणाले. पुढे १९८३ मध्ये गेल्नर आणि अँडरसन या अभ्यासकांनी कारखाने, शाळा आणि छापखाने राष्ट्र कसं घडवतात ते दाखवलं. मला ते पटतं. तरीही मी रेनाँकडे परत येतो, कारण माणसाच्या इच्छेला इतकं महत्त्व दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

आता १९१८ कडे या. जर्मनी हरला, अल्सेस फ्रान्सकडे परत आलं. रेनाँच्या देशाने आता तरी सार्वमत घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. उलट चार प्रकारची ओळखपत्रं वाटली. आईवडील किंवा आजी-आजोबा १८७० पूर्वी फ्रेंच असतील तर 'ए'. आईवडिलांपैकी एकजण परका असेल तर 'बी'. दोघंही मित्रराष्ट्रांतले किंवा तटस्थ देशांतले असतील तर 'सी'. आणि घराणं जर्मनीतून किंवा ऑस्ट्रियातून आलेलं असेल तर 'डी', मग तुमचा जन्म अल्सेसमध्ये का झालेला असेना! एकाच जेवणाच्या टेबलाभोवती नवरा 'ए', बायको 'डी' आणि मुलं 'बी'. 'ए'वाल्यांना मार्क बदलून फ्रँक मिळायचे तेही चांगल्या भावाने. 'डी'वाले हजारोंनी ऱ्हाइनपलीकडे धाडले गेले. राष्ट्र इच्छेने ठरतं हे ज्या देशाने जगाला शिकवलं, त्याचाच कारकून खिडकीत बसून आजोबांचं गाव विचारत होता. याचा मला आजही संताप येतो.

स्ट्रासबर्गमध्ये १९३६ चं युद्धस्मारक आहे. आई आणि तिचे दोन मरणारे मुलगे. एक जर्मनीकडून लढला, एक फ्रान्सकडून, म्हणून दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. खाली फक्त 'आमच्या मृतांना'. कुठल्या देशासाठी मेले, ते लिहिण्याची सोयच नव्हती.

रेनाँची विसरण्याची अट आपल्याकडेही पोचली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' मध्ये रेनाँचा आधार घेतला, आणि हिंदू-मुसलमानांना आपापला भूतकाळ विसरता येत नाही, यावर नेमकं बोट ठेवलं. विसरण्याच्या या अटीची परीक्षाही अल्सेसलाच द्यावी लागली. दुसऱ्या महायुद्धात अल्सेस पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेलं आणि १९४२ पासून नाझींनी तिथल्या सुमारे एक लाख तरुणांना सक्तीने सैन्यात ओढलं. त्यांतले काहीजण १० जून १९४४ रोजी फ्रान्समधल्या ओरादूर गावात सहाशेहून अधिक लोकांची कत्तल करणाऱ्या एसएस तुकडीत होते. १९५३ मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. अल्सेस खवळून उठलं आणि काही दिवसांतच संसदेने सक्तीने भरती झालेल्यांना माफी दिली. अल्सेसला सांभाळून घेण्यासाठी ओरादूरने विसरावं, असा तो हिशेब होता. ओरादूरने सरकारी सन्मान परत केला आणि गावाच्या वेशीवर माफीच्या बाजूने मत दिलेल्या खासदारांच्या नावांचे फलक लावले. ज्यांची मुलंबाळं त्या कत्तलीत गावच्या चर्चमध्ये जळाली, त्यांच्या वतीने विसरण्याचा अधिकार पॅरिसला कुणी दिला, याचं उत्तर रेनाँच्या व्याख्यानात मला सापडत नाही.