फोटोमागचं नाव

एरवी मी या वेळेला बचत गटाचं बोलते. हप्ता, व्याज, बँकेचं खातं, मसाल्याचा हिशोब. आज हिशोबाची वही बंद. आज आपल्या पेटीतल्या जुन्या फोटोंविषयी बोलायचं आहे.

फोटो प्रत्येकीच्या घरात असतात. दारावरच्या चौकटीत सासऱ्यांचा एक. पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली दोन-चार. एखाद्या पिशवीत जत्रेत काढलेले, मागं पडद्यावर ताजमहाल नाहीतर मोटार रंगवलेली. मागच्या दिवाळीनंतर आमच्या एका गटाच्या बैठकीत मी सगळ्यांना सांगितलं, येताना घरातला सगळ्यात जुना फोटो घेऊन या. बाया हौसेनं घेऊन आल्या. आम्ही सगळे फोटो सतरंजीवर मांडले आणि मग एकेक पालथा केला.

मागं काय होतं? काहींवर स्टुडिओचा शिक्का. दोन-तीनवर पुरुषांची नावं, तीही शाळा शिकलेल्या कुणीतरी लिहिलेली. बाईचं नाव एकाही फोटोमागं नव्हतं. पुढच्या बाजूला बघावं तर पुरुष खुर्चीवर बसलेले, बाया मागं उभ्या, कपाळापर्यंत पदर. मी विचारलं, ही डावीकडची कोण? उत्तर आलं, "आमच्या सासूबाईंची कोणतरी जाऊ असंल." पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या बाईनं त्या घरात रांधलं, पोरं वाढवली, ती आता "कोणतरी" झाली.

याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. लग्नात आपलं नाव बदलायचे. काही घरांत ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायची रीत होती, अजूनही आहे. माहेरचं नाव माहेरी राहिलं, आणि सासरचं नाव तांदळावर लिहिलं, ते तांदूळ गोळा केले की मिटलं. मग आयुष्यभर हाक काय? अमक्याची आई, तमक्याची सून, थोरली, धाकटी. ज्यांनी खरं नाव ऐकलं होतं ती माणसं गेली की नावही गेलं.

आता माझ्या आजीचं सांगते. आजी माणदेशातली. आज तिचं वय ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल, जन्मतारीख कुणाला माहीत नाही. वयाच्या सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. आजोबा मुंबईला गिरणीत. तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत हेच होतं. पुरुष मुंबईत, बाई गावात, मध्ये मनीऑर्डर. वर्षातून एकदा जत्रेला नाहीतर गणपतीला माणूस यायचा.

१९७२ चा दुष्काळ तिनं गावात काढला. दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, हे ती अजून सांगते. त्या दिवसांतला तिचा एकही फोटो नाही. खडी फोडणाऱ्या बाईचा फोटो घरचं कोण काढणार?

दुष्काळानंतर ती पोरांना घेऊन मुंबईला गेली. लालबागच्या चाळीत एक खोली. त्या खोलीत तिनं खानावळ घातली. गावाकडचे गिरणीतले गडी, एका वेळी दहा-बारा जण जेवायला. तुम्ही प्रेमा पुरव यांचं नाव ऐकलं असेल. १९७५ साली त्यांनी याच खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपण आज बचत गटात जे करतो, त्याची वाट अशा बायांनी आधीच पाडलेली आहे. आजी त्या मंडळात नव्हती, पण काम तेच करत होती. पहाटे साडेतीनला उठून स्टोव्ह पेटवायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गड्यांचे पगार थांबले, तरी तिनं कितीतरी दिवस उधारीवर जेवण घातलं. मग सगळं आवरून माणसं गावाला परतली.

त्या खोलीतला एक फोटो आमच्याकडं आहे. गडी ओळीनं मांडी घालून जेवायला बसलेत, सगळे कॅमेऱ्याकडं बघून हसतायत. उजव्या कोपऱ्यात एक हात आहे. नुसता हात, कोपरापर्यंत. हातात बांगड्या आणि आमटीचं पळं. तो हात आजीचा. हा फोटो आमच्या घरात "आजोबांचा गिरणीतला फोटो" म्हणून ओळखला जायचा. त्यात बसलेल्या सगळ्यांना जेवायला घालणाऱ्या बाईचा तो फोटो आहे, हे मला आजीनं बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं.

मी दोन दुपारी तिच्याजवळ बसले. तिला आता कमी दिसतं. फोटो डोळ्याजवळ नेते, तिरका धरते, मग सांगते. माझ्याबरोबर माझा चुलतभाऊ होता, मोबाईल घेऊन. तो प्रत्येक फोटोचा फोटो काढून घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत होता. पेटीच्या तळाशी कागदाच्या घडीत एक वेगळा फोटो निघाला. एक तरुण बाई, स्टुडिओत, शेजारी फुलदाणी. मागं परळच्या स्टुडिओचा शिक्का. आमच्यापैकी कुणीच तो कधी पाहिला नव्हता. भावानं मोबाईल वर केला तशी आजीनं त्याचं मनगट धरलं. "थांब. समद्यांस्नी नगं. आधी थोरल्याला दावू दे. त्याची आय हाय ती."

आमच्या आजोबांचं पहिलं लग्न झालेलं होतं, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. ती बाई तापानं गेली तेव्हा थोरले काका सव्वा वर्षाचे होते. पुढच्याच वर्षी आजी या घरात आली आणि तिनं काकांना वाढवलं. काका तिला आईच म्हणतात. जन्मदात्या आईचा एकही फोटो नाही, असंच ते आजवर समजत होते. साठ वर्षं तो फोटो आजीच्या पेटीत होता.

काकांना निरोप दिला. ते रविवारी आले. आजीनं कुणाच्या हातात न देता स्वतः फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला. काकांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "माझं कपाळ हिच्यावर गेलंय." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आई, मला कधी दाखवला का नाहीस?"

आजी म्हणाली, "तू लहान व्हतास तवा भ्या वाटायचं. ही तुझी आय म्हणून दावलं, तर तू माझ्यापास्नं उठून जाशील. मोठा झालास, तवा लाज वाटायला लागली, की येवढं दीस दडवला कसा म्हणून सांगू."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी तिचा हात धरला आणि विचारलं, "हिचं माहेरचं नाव काय होतं?" श्राद्धाला सासरचं नाव घ्यायचे, ते त्यांना माहीत होतं. माहेरचं नाव घरात एकट्या आजीला ठाऊक होतं. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि तिनं ते जपलं होतं. सवतीचं नाव. काकांनी पेन्सिल मागितली आणि स्वतःच्या हातानं फोटोमागं लिहिलं. दोन्ही नावं, माहेरचं गाव, आणि खाली "माझी आई". दोन दिवसांनी तो फोटो त्यांनीच ग्रुपवर टाकला.

ती नावं मी इथं सांगत नाही. आजीनं बजावलंय, "रेडिवर कशाला? फोटोच्या मागं लिवलंय, बास हाय."

मैत्रिणींनो, म्हणूनच मला आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, ज्या म्हातारीला नावं माहीत आहेत तिच्याजवळ आत्ताच बसा. आमच्या घरात ते नाव एकाच माणसाकडं शिल्लक होतं. ती गेली असती तर फोटो राहिला असता, पण तो कुणाचा हे कुणालाच सांगता आलं नसतं. दुसरी, फोटो वाटण्याआधी तिला विचारा. फोटो कागदाचा असला तरी त्याच्यामागचं दुःख कुणाचं तरी असतं. ते आधी कुणाला कळावं, कुणाला कळू नये, हे ठरवायचा हक्क तिचा आहे. मोबाईलवर पुढं ढकलायला एक क्षण पुरतो. काकांनी तो फोटो पहिल्यांदा ग्रुपवर, चाळीस जणांच्या अंगठ्यांच्या खुणांमध्ये बघितला असता, तर काय झालं असतं, विचार करा.

आता कामाचं. हे लिहून घेतलंत तरी चालेल.

एका दुपारी आठ-दहा फोटोच घ्या. म्हातारं माणूस दमतं. "ही कोण" असं एकदम विचारलं की आठवत नाही. "ही साडी कुणाची? हे दार कुठल्या घराचं? तेव्हा पाऊस होता का?" असं विचारा. साडीवरून लग्न आठवतं, लग्नावरून माणसं आठवतात.

प्रत्येक बाईची तीन नावं लिहा. माहेरचं, सासरचं आणि हाक मारायचं. माहेरचं गावही लिहा. याचा उपयोग नुसत्या आठवणीपुरता नाही. वारस नोंदीच्या वेळी माहेरच्या कागदावर एक नाव आणि सासरच्या कागदावर दुसरं, म्हणून बायांना किती हेलपाटे पडतात, ते गटातल्या अनेकींनी भोगलंय. फोटो म्हणजे कायद्याचा पुरावा नव्हे, पण नाव आणि गाव माहीत असलं तर खरा कागद कुठं शोधायचा ते तरी कळतं.

लिहायचं मऊ पेन्सिलनं, मागच्या बाजूला, कडेला. फोटो सपाट जागी पालथा ठेवा आणि दाब देऊ नका, नाहीतर अक्षरं पुढं उमटतात. बॉलपेन आणि स्केचपेन नको. अलीकडच्या रंगीत फोटोंचा कागद मागून गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल उठत नाही. तो फोटो कागदी पाकिटात ठेवा आणि आधी पाकिटावर लिहून घ्या.

जुना फोटो लॅमिनेशन करू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका. चौकटीच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट मोबाईलवर काढून घ्या. फोटो काढताना दिवसा खिडकीजवळ बसा, थेट ऊन नको, फ्लॅश बंद. मोबाईल फोटोच्या बरोबर वर, आडवातिडवा नको. पुढची बाजू काढली की मागचीही काढा, म्हणजे नाव फोटोबरोबर राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना साधा फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच्या तसा जातो. मूळ फोटो ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, जमिनीपासून उंच ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडं पहिलं नुकसान पेटीच्या तळाचं होतं.

आणि ग्रुपवर टाकताना खाली नाव लिहा. बायांचंही. "आजोबा आणि मंडळी" असं नको. मंडळींना नावं असतात.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आईचं नाव लिहायचं, असा निर्णय आपल्या राज्य शासनानं घेतला आहे. चांगलं झालं. आपल्या नातवंडांच्या कागदावर त्यांच्या आया दिसतील. पण आपल्या आज्या, पणज्या त्या निर्णयाच्या फार आधीच्या. त्यांच्यासाठी शासन काही करणार नाही. ते आपल्याला पेन्सिलनं करायचं आहे.

तर पुढच्या बैठकीला हप्त्याबरोबर प्रत्येकीनं एक जुना फोटो आणायचा. मागं नावं लिहिलेला, आणि ज्यांनी नावं सांगितली त्यांना विचारून आणलेला. ज्यांच्या घरात सांगणारं कुणी उरलं नसेल, त्यांनीही फोटो आणा. गावातल्या दुसऱ्या कुण्या आजीला ती बाई ओळखू येईल. ज्या आज्यांना बैठकीपर्यंत चालवत नाही, त्यांच्या घरी आपणच जाऊ.