जीर्ण वस्तूंचा निरोप
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज नव्या मंदिराविषयी पुष्कळ बोलले जाईल, आणि ते योग्यच आहे. मला विषय मिळाला आहे तो जुन्याचा. जीर्णोद्धार म्हटला की आधी काहीतरी उतरवावे लागते. किडलेली तुळई, झिजलेली पायरी, तडा गेलेली घंटा, नावे पुसट झालेली फरशी. या वस्तूंनी देवाची आणि आपली सेवा केली. आता त्यांचे काय करावयाचे?

हा प्रश्न जपानी लोकांनी फार मनावर घेतला आहे. तेथे मोडक्या सुयांचा एक दिवस असतो. टोकियोच्या बाजूला ८ फेब्रुवारी, क्योटोकडे बहुधा ८ डिसेंबर. शिवणकाम करणाऱ्या बायका वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया डबीत जपून ठेवतात आणि त्या दिवशी देवळात नेतात. तेथे सोयाबीनच्या दुधाची, आपल्या खरवसासारखी मऊ वडी मांडलेली असते. तिच्यात एकेक सुई खोचतात. जन्मभर जाडेभरडे कापड भोसकून शिणलेल्या सुईला शेवटी मऊ अंथरूण मिळावे, ही भावना. त्या दिवशी शिवणकामाला सुट्टी. पोळ्याला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, तसेच हे. टोकियोच्या सेन्सोजी या प्रसिद्ध मंदिराच्या आवारात हा विधी दरवर्षी होतो. सुयांप्रमाणे तेथे जुन्या बाहुल्यांना, झिजलेल्या कुंचल्यांनाही मंत्र म्हणून निरोप देतात. अवजार शंभर वर्षांचे झाले की त्याच्यात जीव येतो आणि त्याची हेळसांड केली तर ते रुसते, अशी त्यांच्याकडे जुनी समजूत आहे.

आता आणखी नवलाची गोष्ट ऐका. १९९९ साली तेथे यंत्राचा कुत्रा विक्रीस आला. एकटी म्हातारी माणसे त्याला घरातल्यासारखे वागवू लागली. २००६ साली त्याचे उत्पादन थांबले, २०१४ साली कंपनीची दुरुस्तीही बंद झाली. तेव्हा २०१५ पासून चिबा प्रांतातील इसुमी गावच्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या कुत्र्यांची रांग मांडून पुरोहितांनी पाठ म्हटले. त्यानंतरच त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या कुत्र्यांच्या दुरुस्तीला दिले. कोणी हसेल. परंतु पुढ्यात पाना घेऊन बसलेला कारागीरही आधी पाठ होऊ देतो, याचे मला कौतुक वाटते.

आपल्याकडे काय आहे? आपण आधी आपली भाषा पाहू. आपल्या माता-भगिनी बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नारळ फोडला तरी वाढवला. वाणी संध्याकाळी दुकान वाढवतो. दिवा विझवला म्हणणे घरातल्या वडीलधाऱ्यांना खपत नसे. वस्तू संपली हा शब्द तोंडातून जाऊ नये, म्हणून भाषेनेच तिच्यावर पांघरूण घातले आहे.

खंडेनवमीला आपण कोयता, विळा, कुदळ धुऊन गंध-फूल वाहतो. रांजणगावच्या वसाहतीत कामाला जाणारी आपली मुले त्या दिवशी यंत्राला हार घालतात. पण नीट पाहिले तर ही पूजा चालत्या अवजाराची आहे. विळ्याचे पाते झिजून संपले की तो मोडीत जातो, त्याला गंध लागत नाही. केरसुणीचेच पाहा. दिवाळीत नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून येते, तिला हळदकुंकू वाहतात, एरवीही तिला पाय लागू देत नाहीत. वर्षभर घर झाडून तिचा थोटका बुडखा उरला, की तिची वाट उकिरड्याकडे. जपान्यांनी मान दिला तो थकलेल्या वस्तूला, आपण देतो तो राबत्या वस्तूला. आपली रीत वाईट नाही, मात्र ती अर्धी आहे असे मला वाटते.

एक जाते तेवढे त्यातून सुटले. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. टाकी लावून देणाऱ्या पाथरवटांची हाक गल्लीत येईनाशी झाली. तरीही घरात लग्न निघाले की जाते बाहेर येते, त्याला सुपारी-हळकुंड बांधतात, सुवासिनी ओव्या म्हणत त्याच्यावर हळद दळतात. जन्मभर भाकरीचे पीठ दिलेल्या दगडाला म्हातारपणी हा मान मिळाला. मोटेला तो मिळाला नाही. विहिरीवर इंजिन बसले, मग विजेची मोटार आली. चामड्याची मोट, नाडा, सोंदूर, चाक कधी गेले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. पाभर आणि चाडे यांचेही तेच झाले. यांच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या जगल्या.

देवाच्या बाबतीत मात्र आपल्या पूर्वजांनी निरोपाचा पूर्ण विधी सांगितला आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धारासाठी वेगळा अध्याय आहे. लाकडी मूर्ती जीर्ण झाली तर ती अग्नीला द्यावी, दगडी असेल तर पाण्यात सोडावी असे त्यात सांगितले आहे. मूर्ती हलविण्यापूर्वी तिच्यातील देवत्व मंत्राने कलशाच्या पाण्यात उतरवून घेतात. पुढे नव्या मूर्तीला जलाधिवास, धान्याधिवास होतो आणि प्राणप्रतिष्ठेत ते देवत्व तिच्यात येते. जगन्नाथपुरीला तर लाकडी मूर्ती ठराविक योग आला की बदलतात. १९९६ नंतर हा योग २०१५ साली आला. जुन्या मूर्ती मंदिराच्याच आवारात पुरतात आणि देवाचे नातलग समजले जाणारे दैतापती सेवक त्यांचे सुतक पाळतात.

सगळ्यांनी विसर्जनच केले असेही नाही. पुण्याचा दगडूशेठ हलवाई गणपती आपण सर्वांनी पाहिला आहे. आज आपण पाहतो ती तिसरी मूर्ती. लोकमान्यांच्या काळातील पहिली मूर्ती शुक्रवार पेठेत अकरा मारुतीच्या देवळात ठेवली असून तिची पूजा होते. गर्दी तिकडे नसते, एवढेच.

आता आपल्या गावाकडे येतो आणि चार गोष्टी स्पष्ट बोलतो. शास्त्राने पाण्यात सोडा म्हटले तेव्हा नद्यांना बारमाही खोल डोह होते. आज चैत्र-वैशाखात घोडनदीचे पात्र आटते, आणि श्रद्धेने सोडलेली मूर्ती उघडी पडून गुरांच्या पायाखाली येते. तसबिरींच्या काचा आणि खिळे तर नदीत जाऊच नयेत. देवघरातील भंगलेल्या मूर्ती आणि तसबिरी पिंपळाखाली नेऊन ठेवण्याची सवयही सोडावी. पारावर ठेवले म्हणजे आपले काम झाले, ही पळवाट आहे. धातूचे देव वितळवून त्याच धातूची समई करता येते, कागद जाळून राख झाडाच्या बुंध्याला घालता येते.

लाकूड चांगले असेल तर ते लिलावात जाळणाला देऊ नये. जुन्या चौकटीचा देव्हारा होतो, तुळईचे पाट होतात. तडा गेलेल्या घंटेचे धातू नव्या घंटेच्या ओतात घालावे, म्हणजे जुन्या देणगीदाराचे दान मोडीत निघत नाही. देणगीदार मंडळींना हे विशेष सांगतो, कारण आज आपली नावे नव्या फरशीवर कोरली जात आहेत. तशीच ती जुन्या फरशीवरही कोणीतरी कोरून घेतली होती. ती फरशी फुटण्यापूर्वी शाळेतील दोन मुलांना वही घेऊन बसवा आणि वाचता येतील तेवढी नावे, गावे, तिथी उतरवून घ्या. पंचवीस रुपये दिलेले असोत की सव्वा रुपया. ती यादी या स्मरणिकेच्या शेवटी छापावी अशी माझी समितीला विनंती आहे.

आणि पायाच्या खोदकामात कोरीव दगड निघाला, तर घाई करू नका. आपल्या भागात वीरगळ पुष्कळ सापडतात. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य असा दगड दिसला, तर तो कोणा घरच्या गेलेल्या माणसाचा आहे हे समजावे. असे दगड पायात भरू नयेत, त्यांना ऑइलपेंट फासू नये. भिंतीलगत ओट्यावर उभे करावेत. नाणी किंवा मौल्यवान ऐवज निघाला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही ध्यानात असू द्या.

दगड धुताना तारेचा ब्रश आणि अॅसिड वापरू नका. साधे पाणी आणि मऊ कुंचा पुरेसा आहे. अक्षरे असतील तर आधी कोरड्या कापडाने धूळ झटकून फोटो काढा, पाणी त्यानंतर.