खाऱ्या हवेतला स्विच



नेटवर्क स्विच घ्यायला दुकानात गेलात, की दुकानदार आधी वेग सांगतो, मग पोर्ट मोजतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तेवढं पुरतं. बोर्डी, घोलवड, धुंदलवाडी, तलासरी या भागातल्या माणसाने मात्र वीज, पाऊस आणि हवा यांचा हिशोब आधी करावा, वेगाचा नंतर. आज बोलायचं आहे ते घरातल्या छोट्या प्रयोगशाळेसाठी लागणाऱ्या स्विचबद्दल. मुलं तिला होम लॅब म्हणतात. एखादा जुना संगणक, राउटर, एक-दोन कॅमेरे आणि या सगळ्यांना जोडणारा स्विच, एवढंच तिचं सामान. वापी, उंबरगाव किंवा इकडे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत नेटवर्कचं काम मिळवू पाहणाऱ्यांना पुस्तकात अडलेलं बरंचसं या प्रयोगशाळेच्या टेबलावर सुटतं.

स्विच करतो काय? त्याच्या आधी हब असायचा. हब म्हणजे दवंडीच: एका पोर्टात आलेलं सगळ्या पोर्टांतून बाहेर. स्विच मात्र पाठवणाऱ्या यंत्राचा पत्ता वाचून ते कुठल्या पोर्टामागे आहे याची नोंद ठेवतो आणि त्याच्या नावाने काही आलं, की फक्त त्याच पोर्टाकडे सोडतो. असा पहिला इथरनेट स्विच १९९० साली अमेरिकेत निघाला. पोर्ट सात. बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी ती काढली होती आणि नाव ठेवलं होतं भारद्वाजांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. नेटवर्किंगच्या वर्गात सिस्कोचं नाव रोज निघतं, या कल्पनाबाईंचं क्वचितच.

आता खरेदी. डहाणू लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला, की ऑफिसांतून निघालेले चोवीस पोर्टांचे जुने स्विच स्वस्तात दिसतात. शिकायला ते उत्तम, कारण आतल्या सगळ्या सोयी खऱ्या कंपनीतल्याच असतात. पण मागचं लेबल वाचा. चाळीस वॅट खाणारा स्विच रात्रंदिवस चालू ठेवला, तर महिन्याला जवळजवळ २९ युनिट जातात. पंख्याच्या आवाजाने घरचे वैतागतात ते वेगळंच. आणि तो पंखा दिवसभर बाहेरची हवा आत ओढतो. चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावर त्या हवेत मीठ असतं. पावसाळ्यात ओल त्यात भर घालते, आणि आतल्या पट्टीवर गंज धरतो. म्हणून माझी शिफारस अशी: रोजच्या कामाला बिनपंख्याचा आठ पोर्टांचा गिगाबिट स्विच, चार-पाच वॅटचा. जुनं मोठं धूड सरावापुरतं चालू करायचं, मग बंद करून कापडाखाली ठेवायचं. रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं लावा. केबल शुद्ध तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते, पण आपल्या हवेत टिकत नाही आणि कॅमेऱ्याला तिच्यातूनच वीज द्यायची असेल तर तापते.

डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांत दिवे लावते. आपल्या पाड्यावर मात्र ढग गडगडले, की लाइट जाते. छोटा स्विच बारा किंवा नऊ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालत असेल, तर राउटरसाठी मिळतो तो लहान डीसी यूपीएस त्यालाही चालतो. फक्त व्होल्ट तंतोतंत जुळवा आणि अँपिअर कमी पडत नाहीत ना ते पाहा.

सगळ्यात जास्त स्विच मरतात ते मात्र विजा चमकताना. घर एकीकडे, चिकूच्या वाडीतलं पंपघर दुसरीकडे, आणि मधे झाडाझाडांवरून ओढलेली तांब्याची केबल. वीज त्या केबलवर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. शिवाय इथरनेटची तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढे भरवशाची नाही. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, आणि दोन्हीकडे प्रकाशाचा संकेत तांब्याच्या तारेसाठी बदलून देणारा मीडिया कन्व्हर्टर किंवा फायबरचा पोर्ट असलेला स्विच ठेवा. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. पण बाहेरून ओढायच्या फायबरला अनेकदा आधारासाठी पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापा, आत स्विचपर्यंत आणू नका. ही गोष्ट केबल ओढणारी मुलंही विसरतात.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. म्हणून जड स्विच माळ्यावर किंवा पलंगाच्या वरच्या फळीवर नको. खाली, भिंतीला स्क्रूने आवळून.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, घ्यावा की साधा? नुसतं घर चालवायचं असेल तर साधा पुरे. शिकायचं असेल तर व्हीलॅन करता येणारा घ्याच. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे आपण मनाने पाडलेले तुकडे: कॅमेरे एका व्हीलॅनमध्ये, अभ्यासाचे संगणक दुसऱ्यात. स्वस्त कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर कोणी लिहिलं कोण जाणे. त्याने तुमच्या संगणकाकडे डोकावू नये. या दोन तुकड्यांना एकमेकांशी बोलायला राउटर लागतो, हे पुस्तकात दहादा वाचलेलं असतं. एका तुकड्यातून दुसऱ्याला दिलेली हाक, म्हणजे पिंग, अडली, की ते एकदाच कळतं. कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच घेणार असाल, तर सगळ्या पोर्टांचे मिळून किती वॅट ते विचारा. रात्री कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागले, की मागणी वाढते आणि तेव्हाच एखादा कॅमेरा मधेच बंद पडतो.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये लावा. साध्या स्विचमध्ये माहितीची तीच ती फ्रेम गोल गोल फिरत राहते, सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि नेटवर्क ठप्प होतं. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू करून तेच करा, तो एक पोर्ट स्वतःच अडवतो. ही युक्ती रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये शोधली. प्रयोग जरूर करा, फक्त घरात कोणी मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत नाही ना, ते आधी पाहून घ्या.